रात्री शांत असायला हवं ते खरंच शांत असतं का? छोट्या आयटी टीमसाठी नेटवर्कवर नजर ठेवण्याबद्दल

तुकोगंजकर · शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

मी इंदुरात राहतो आणि पिथमपूरच्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. दोनशेच्या आसपास उपकरणं आणि बघायला आम्ही दोघंच. इकडच्या आपल्या बऱ्याच मुलांचं असंच असतं. कारखाना, दवाखाना, कोचिंग क्लास, सीएचं ऑफिस, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. मोठ्या कंपन्यांसाठी लिहिलेले सल्ले वाचले की आपल्याकडे वीस माणसांची टीम आणि कोट्यवधींचं बजेट आहे असंच त्यात धरलेलं दिसतं. म्हणून हा धागा.

मागच्या रंगपंचमीला अख्खं इंदूर राजवाड्याच्या गेरमध्ये (रंगाच्या मिरवणुकीत) होतं. कारखान्याचं ऑफिस बंद. दोन आठवड्यांपूर्वीच मी एका जुन्या पीसीवर लिब्रेएनएमएस (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) चढवलं होतं, तेही फक्त अकाउंट्सवाले 'नेट स्लो आहे' म्हणून रोज फोन करायचे म्हणून. दुपारी रंग धुऊन बसलो आणि घरून व्हीपीएनने डॅशबोर्ड उघडला. सगळ्या स्विचचे आलेख जमिनीला टेकलेले. फक्त सिक्युरिटी केबिनमधल्या स्विचचा १७ नंबरचा पोर्ट, म्हणजे केबल लावायची खाच, जागी होती.

गंमत अशी की बिट्सचा आलेख पाहिला असता तर मी पुढे गेलो असतो. दोन-अडीचशे केबीपीएस म्हणजे काहीच नाही. पॅकेट्सच्या आलेखात मात्र सेकंदाला चारशेची रेघ होती, पट्टीने ओढल्यासारखी सरळ. माणूस नेट वापरतो तेव्हा आलेखात डोंगरदऱ्या येतात. अशी सपाट रेघ यंत्राचीच असते.

दुसऱ्या दिवशी तो पोर्ट मिरर करून, म्हणजे त्याच्यावरच्या पॅकेट्सची नक्कल लॅपटॉपकडे वळवून, तिथे वायरशार्क (पॅकेट्स उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावलं. अर्धं मिनिट पुरलं. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) परदेशातल्या अनोळखी पत्त्यांच्या २३ नंबरच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे खाच नव्हे, सेवेचा नंबर), म्हणजे टेलनेट या दूरून लॉगिन करायच्या जुन्या सोयीवर, एकामागून एक टकटक करत होता. ज्याने तो बसवला त्याने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. राउटरवर यूपीएनपी (उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) चालू असल्यामुळे डीव्हीआरने स्वतःच बाहेरून आत यायचं दार उघडून घेतलं होतं. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर असेच, ठरावीक पासवर्डची यादी चालवून, ताब्यात घेतले होते. त्याच जातीचं काहीतरी आमच्याकडे होतं. ते केव्हापासून चालू होतं हे कधीच कळलं नाही, कारण आधीचे आलेखच नव्हते. हे मला अजून बोचतं.

म्हणून पहिला सल्ला टूलबद्दल नाही. आपलं नेटवर्क कोणी वापरत नसताना कसं दिसतं, ते आधी पाहून ठेवा. रविवारची पहाट, दिवाळीचा पाडवा, रंगपंचमी. दिवसाच्या गर्दीत आमच्या डीव्हीआरचा आवाज दबून जात होता, सुटीच्या दिवशी तो एकटाच बोलत होता. त्या दिवशीच्या आलेखाची प्रिंट मी टेबलासमोर लावली आहे.

दुसरी गोष्ट यादी. तीन दिवस वही घेऊन कारखाना पायी फिरलो. आयपी, मॅक (हार्डवेअरचा पत्ता), कुठे आहे, कोणाचं आहे, बंद पडलं तर फोन कोणाला करायचा. कागदावर नसलेली एकतीस उपकरणं सापडली. हजेरीचं बोटाच्या ठशाचं यंत्र, वजनकाट्याचा संगणक, मीटिंग रूमचा टीव्ही, कँटीनमध्ये कोणीतरी घरून आणून लावलेला वायफाय राउटर. स्कॅनर चालवून यातली निम्मीसुद्धा नीट ओळखू आली नसती. स्कॅनर आयपी दाखवतो, पण ते यंत्र कोणाच्या टेबलाखाली आहे ते सांगत नाही.

मग मॉनिटरिंग. स्विच आणि राउटरवर एसएनएमपी (उपकरणाला त्याची आकडेवारी विचारायची सोय) असतं. आवृत्ती २सी मध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डच म्हणा, उघड्या मजकुरात जाते, आणि बऱ्याच ठिकाणी ती अजून 'पब्लिक' हीच असते. शक्य तिथे आवृत्ती ३ वापरा, ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शन दोन्ही चालू करून. अधिकार फक्त वाचण्याचा द्या. स्विचवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावून १६१ नंबरचा यूडीपी पोर्ट फक्त मॉनिटरिंग सर्व्हरलाच उघडा ठेवा, इंटरनेटकडे तर कधीच नको.

आणि मॉनिटरिंग सर्व्हरलाच कुलूप लावायला विसरू नका. नेटवर्कच्या सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. डिसेंबर २०२० मध्ये सोलरविंड्सचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा ओरायन या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच घुसखोरी झाली होती आणि ते अपडेट साधारण अठरा हजार ग्राहकांपर्यंत पोहोचलं होतं. झॅबिक्स (लिब्रेएनएमएससारखंच सॉफ्टवेअर) बसवलं तर त्याचं मूळ अ‍ॅडमिन खातं आणि पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे, तो पहिल्या पाच मिनिटांत बदला. हा सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क) ठेवा, आणि त्याला स्वतःला इंटरनेटवर फक्त अपडेटपुरतं जाऊ द्या.

लॉग आणि अलर्टबद्दल उद्या लिहितो. तोवर ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी आपले अनुभव जरूर लिहा.

---

नवा_अ‍ॅडमिन · शुक्रवार, रात्री ११:२५

दादा, फार उपयोगी लिहिलंत. मी भंवरकुआंजवळच्या एका कोचिंग क्लासमध्ये आहे. चाळीस कॉम्प्युटर, नेट कंपनीने दिलेला राउटर आणि तीन साधे स्विच. त्यांना आयपीच नाही, तर एसएनएमपी कुठून असणार? मालक म्हणतात, 'आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?' बजेट जवळजवळ नाहीच. मी सुरुवात कुठून करू?

---

लष्करवाली · शनिवार, सकाळी ७:१०

ग्वाल्हेरहून लिहिते आहे. एका पॅथॉलॉजी लॅबचं आणि तिच्या चार कलेक्शन सेंटरांचं नेटवर्क माझ्याकडे आहे.

तुकोगंजकर, आलेखांबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं, पण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त माहिती डीएनएसच्या (वेबसाइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) लॉगमधून मिळाली. तुमचा डीव्हीआर आरडाओरडा करत होता म्हणून आलेखात दिसला. जे शहाणं मालवेअर असतं ते आवाज करत नाही. दर पाच किंवा दहा मिनिटांनी एका ठरलेल्या नावाची चौकशी करतं, दोन-चार पॅकेट पाठवतं आणि गप्प बसतं. बँडविड्थच्या आलेखात ते कधीच दिसणार नाही, आणि पाच मिनिटांच्या सरासरीत तर मुळीच नाही.

आमच्याकडे रिसेप्शनच्या एका संगणकावरून रात्रभर एकाच विचित्र नावाची चौकशी होत होती. अक्षरांना काही अर्थ नाही, आणि घड्याळ लावल्यासारखी दर दहा मिनिटांनी. कोणीतरी रिपोर्ट छापायचं 'फ्री' सॉफ्टवेअर उतरवलं होतं, त्याच्याबरोबर ते आलं होतं. अँटिव्हायरस काही बोलला नव्हता.

यासाठी पैसे लागत नाहीत. जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पायवर पाय-होल (स्वतःचा डीएनएस सर्व्हर) बसवा आणि डीएचसीपीमधून (उपकरणांना पत्ते वाटणारी सेवा) सगळ्यांना डीएनएस म्हणून तोच पत्ता द्या. फायरवॉलवर ५३ नंबरचा, म्हणजे डीएनएसचा, पोर्ट बाकी सगळ्यांसाठी बंद करा, नाहीतर उपकरणं थेट बाहेर विचारतात. ब्राउझरमधलं एन्क्रिप्टेड डीएनएससुद्धा पॉलिसीने बंद करावं लागतं, नाहीतर निम्म्या चौकश्या लॉगमध्ये येतच नाहीत. हे मला दोन महिन्यांनी कळलं.

आणि नवा_अ‍ॅडमिन, चोरण्यासारखं काय आहे असं तुमचे मालक विचारतात ना? मुलांचे फोटो, पालकांचे मोबाइल नंबर, फीच्या नोंदी. पालकांना एक खोटा फोन करायला एवढं पुरतं. त्यांना हे सांगा.

---

तुकोगंजकर · शनिवार, दुपारी १:०५

लष्करवाली ताई, मान्य. मी डीएनएसला दुसऱ्या टप्प्यावर ठेवलं होतं, तुमचं वाचून त्याला वर आणतो.

नवा_अ‍ॅडमिन, तुमच्यासाठी क्रम असा. आधी नेट कंपनीच्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला, यूपीएनपी बंद करा, बाहेरून व्यवस्थापनाचा पर्याय चालू असेल तर तोही बंद. याला पैसे लागत नाहीत. मग एक जुना पीसी घ्या, त्यात दुसरं लॅन कार्ड टाका आणि ओपीएनसेन्स चढवा. आता तुमच्याकडे फायरवॉल झाली, डीएनएसचा लॉग झाला, कोणता संगणक किती आणि कुठे बोलतो तेही दिसायला लागलं. तीन स्विचपैकी मधला, ज्याला बाकीचे दोन जोडलेत, तो जमेल तेव्हा मॅनेज्ड (आत शिरून सेटिंग करता येतं असा) घ्या. जेल रोडला वापरलेले मिळतात. फक्त घेताना फॅक्टरी रीसेट होतो का आणि फर्मवेअर अजून मिळतं का ते पाहा. लिब्रेएनएमएस, वाझू (लॉग तपासणारं सॉफ्टवेअर) वगैरे सगळं नंतर.

आता लॉग.

लॉग ज्या यंत्राचा असतो त्याच यंत्रावर ठेवून उपयोग नाही. घुसणारा माणूस जाताना तो पुसून जातो, आणि छोट्या स्विचमध्ये तर वीज गेली की लॉगही जातो. सगळ्यांचा सिसलॉग एका वेगळ्या सर्व्हरवर पाठवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, तेव्हा डिस्क त्या हिशेबाने घ्या. कायदा बाजूला ठेवला तरी सहा महिने लागतातच. घुसखोरी बहुतेक वेळा झाल्यानंतर बऱ्याच दिवसांनी कळते.

याच निर्देशांत घड्याळांबद्दलही आहे. एनआयसी (सरकारचं आयटी केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या टाइम सर्व्हरशी वेळ जुळवायची. मी आधी याला किरकोळ समजत होतो. डीव्हीआरच्या वेळी तीन लॉग शेजारी ठेवले तर फायरवॉल यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत), म्हणजे आपल्या रात्री दोनची नोंद तिथे आदल्या संध्याकाळी साडेआठची. डीव्हीआर चाळीस मिनिटं पुढे. आणि एक स्विच वीज जाऊन आल्यापासून १९९३ सालात. काय आधी घडलं आणि काय नंतर हे लावण्यात पूर्ण दिवस गेला. कारखान्यात एक एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर ठेवा आणि सगळ्यांना त्याच्याकडे वळवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

---

दांडिया_बाजार · शनिवार, संध्याकाळी ६:३०

वडोदऱ्याहून. लष्करवाली यांच्या डीएनएस लॉगच्या सल्ल्याबद्दल एक शंका, आणि ती मला महत्त्वाची वाटते.

डीएनएसचा लॉग म्हणजे कोण दुपारी नोकरीची वेबसाइट पाहतो, कोण कुठल्या आजाराबद्दल वाचतो, हे सगळं. आमच्याकडे एकदा एका मॅनेजरने थेट माझ्याकडे मागणी केली, 'अमुक मुलगी दिवसभर काय बघते ते काढून दे.' मी नकार दिला, पण नकाराला आधार द्यायला माझ्याकडे काहीच लेखी नव्हतं. सुरक्षेसाठी ठेवलेल्या नोंदी माणसांवर पाळत ठेवायला वापरल्या जाऊ नयेत यासाठी तुम्ही काय करता?

---

लष्करवाली · शनिवार, रात्री ९:४५

फार बरं झालं तुम्ही विचारलंत. आम्ही एक पानाचं धोरण केलं, साध्या हिंदीत, आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. काय नोंदवलं जातं, किती दिवस, कोण पाहू शकतं. रोजच्या पाहणीत मी फक्त उपकरणाचा नंबर आणि संशयास्पद नाव पाहते. माणसाच्या नावाशी ते जोडायचं असेल तर लॅबचे डॉक्टर आणि मी, दोघांची लेखी संमती लागते, आणि कारण घटनेचंच असावं लागतं. तुमच्या मॅनेजरसारखी मागणी माझ्याकडेही आली होती. मी तो कागद दाखवला, विषय संपला. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहेच, पण रोजच्या वादात तो कागदच कामाला येतो.

दुसरं, माझ्याकडची अडचण. रक्ततपासणीच्या दोन यंत्रांना जोडलेले संगणक अजून विंडोज ७ वर आहेत. यंत्राचा विक्रेता अपग्रेड करू देत नाही, केलं तर सर्व्हिस करार रद्द. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर) आलं तेव्हा त्याचा पॅच दोन महिने आधीच निघालेला होता, तरी जगभरची इस्पितळं सापडली, कारण तिथे अशाच कारणांनी पॅच लागत नव्हते. मी त्या दोघांना स्वतंत्र व्हीलॅनमध्ये टाकलं. ते फक्त लॅबच्या सर्व्हरशी, फक्त एका पोर्टवर बोलू शकतात. ४४५ नंबरचा, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगचा, पोर्ट दोन्ही बाजूंनी बंद, इंटरनेट अजिबात नाही. त्यांनी नियमाबाहेर काही बोलायचा प्रयत्न केला की मला फोनवर अलर्ट. वर्षभरात तो दोनदाच वाजला. एकदा सर्व्हिस इंजिनिअरने डोंगल लावलं होतं तेव्हा, आणि एकदा पेन ड्राइव्हमुळे.

ज्याला पॅच लावता येत नाही त्याच्याभोवती भिंत बांधा, आणि त्या भिंतीवर डोळा ठेवा.

---

तुकोगंजकर · रविवार, सकाळी ८:२०

भिंतीचा मुद्दा अगदी बरोबर. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने बंद पडले आणि पुढचे बरेच दिवस तिथे सगळं काम कागदावर करावं लागलं. सरकारने नंतर संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर आणि साधारण १.३ टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला होता, आणि कारण दिलं होतं नेटवर्कची नीट विभागणी नसल्याचं. आपल्या कारखान्यात कॅमेरे, हजेरी यंत्र, पाहुण्यांचं वायफाय आणि टॅलीचा सर्व्हर एकाच सपाट नेटवर्कमध्ये असतील तर आपली स्थिती वेगळी नाही.

आता अलर्ट. सुरुवातीला मी सगळं चालू केलं आणि दिवसाला चारशे ईमेल यायला लागले. तिसऱ्या दिवसापासून मी ते फोल्डर उघडणं सोडलं. न वाचला जाणारा अलर्ट नसलेल्या अलर्टपेक्षा वाईट, कारण आपण निर्धास्त राहतो. आता माझ्या फोनवर सहाच गोष्टी वाजतात: इंटरनेटची लाइन गेली, कोर स्विच गेला, बॅकअप झाला नाही, यादीत नसलेला मॅक पत्ता दिसला, फायरवॉलवर अ‍ॅडमिन लॉगिन झालं, आणि कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमधून बाहेर जायचा प्रयत्न. बाकी सगळं सकाळच्या चहाबरोबर पंधरा मिनिटं डोळ्यांनी पाहतो.

अवलंबन नक्की भरा. म्हणजे गेटजवळचा स्विच पडला तर त्याच्यामागच्या साठ उपकरणांचे साठ अलर्ट येऊ नयेत, एकच यावा. लिब्रेएनएमएस आणि झॅबिक्स दोघांत ही सोय आहे, पण भरायचा कंटाळा सगळे करतात.

---

फायबर_आणि_अर्थिंग · रविवार, सकाळी ११:५०

मी इंदुरातच वीस वर्षं केबलिंगचं काम करतो. सॉफ्टवेअरवाल्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत.

पहिली, पावसाळा. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल ओढू नका, अंतर तीस मीटर असलं तरी. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, जवळ वीज पडली की दोन्हीकडचे स्विच जातात. फायबर टाका. आणि यूपीएसचं एसएनएमपी कार्ड मिळत असेल तर घ्या. बॅटरी किती मिनिटं टिकेल ते आधी दिसतं. एका गोदामात दर शनिवारी स्विच बंद पडायचा आणि सगळ्यांना हॅकिंग वाटत होतं. निघाली मेलेली बॅटरी आणि शनिवारचं वीज मेंटेनन्स.

दुसरी, लूप. कोणीतरी सफाई करताना लोंबणारं टोक दिसलं म्हणून त्याच स्विचमध्ये खोचतो आणि अख्खं ऑफिस ठप्प. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री आणि टेबलांकडच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड चालू ठेवा, लूप झाला की या सोयी तो पोर्ट बंद करतात. आलेखात सगळ्या पोर्टवर एकाच क्षणी ब्रॉडकास्ट (सगळ्या उपकरणांना जाणारी पॅकेट्स) आभाळाला भिडला तर व्हायरस शोधत बसू नका, केबल शोधा.

---

दांडिया_बाजार · रविवार, दुपारी ४:१५

एक विचारायचं राहिलं. सायबर घटना सर्ट-इनला सहा तासांत कळवायची असते ना? ते सहा तास कुठून मोजायचे? आणि त्या वेळात आपण मशीनचं काय करायचं?

---

तुकोगंजकर · रविवार, संध्याकाळी ७:००

घटना आपल्या लक्षात आली किंवा कोणी लक्षात आणून दिली, तिथून सहा तास. पूर्ण तपास झालेला असण्याची गरज नाही, जेवढं माहीत आहे तेवढं कळवायचं. पैशांची फसवणूक असेल तर त्याशिवाय १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, तिथे मिनिटांना किंमत असते.

मशीन फॉरमॅट करायची घाई करू नका. आपल्याकडे पहिलं हेच होतं, कारण 'काम थांबलंय'. लॅन केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन चालू राहू द्या. मेमरीतले पुरावे बंद केल्यावर जातात. स्क्रीनचा मोबाइलने फोटो घ्या, वेळ लिहून ठेवा. आमच्या डीव्हीआरच्या वेळी मी घाईत तो रीस्टार्ट केला आणि आत काय होतं ते गेलं. तासाभरात पासवर्ड तोच असल्यामुळे तो पुन्हा बाधित झाला, एवढंच त्यातून शिकलो. फोन नंबरांची यादी कागदावर काढून सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवा. ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी शेअर्ड फोल्डर उघडणार नाही.

---

नवा_अ‍ॅडमिन · बुधवार, रात्री ८:३०

दादा, लष्करवाली ताई, मनापासून आभार. पासवर्ड बदलले, यूपीएनपी बंद केलं, ओपीएनसेन्स चालू झालं. मालकांना पालकांच्या फोन नंबरांबद्दल सांगितलं तेव्हा ते गंभीर झाले आणि एक मॅनेज्ड स्विच घ्यायला हो म्हणाले.

यादी करायला फिरलो तर त्रेचाळीस उपकरणं निघाली. आता अडचण अशी की लॅब दोनमधल्या सहा-सात कॉम्प्युटरांना अधूनमधून १९२.१६८.० च्या ऐवजी १९२.१६८.१ वाला पत्ता मिळतो आणि नेट जातं. रीस्टार्ट केलं की कधी येतं, कधी नाही. हे काय असेल?

---

लष्करवाली · बुधवार, रात्री ९:०५

दुसरा डीएचसीपी सर्व्हर आहे. कोणीतरी घरचा वायफाय राउटर आणून लॅन पोर्टमध्ये लावला असणार. ज्याला चुकीचा पत्ता मिळाला आहे त्या मशीनवर गेटवेचा (ज्या राउटरमधून ती बाहेर जाते त्याचा) मॅक पाहा. मॅकच्या पहिल्या सहा अक्षरांवरून राउटरची कंपनी कळेल. मग नव्या स्विचच्या मॅक टेबलमध्ये तो पत्ता कोणत्या पोर्टवर आहे ते शोधा आणि केबल धरून चालत जा. सापडल्यावर स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (फक्त ट्रस्टेड पोर्टवरूनच पत्ते वाटू देणारी सोय) चालू करा, ज्या पोर्टला फायरवॉल आहे तेवढाच ट्रस्टेड.

---

तुकोगंजकर · बुधवार, रात्री ९:३०

ताईंनी सांगितलं तसंच. फक्त स्नूपिंग चालू करण्याआधी ट्रस्टेड पोर्ट ठरवा, उलट क्रमाने केलंत तर चाळीसच्या चाळीस कॉम्प्युटर बिनपत्त्याचे होतील. पहिल्यांदा करताना क्लास बंद असलेला बरा. रविवारी सकाळी सातला मी येऊ शकतो, कन्सोल केबल माझ्याकडे आहे. तुम्ही फक्त स्विचचा मॉडेल नंबर आणि तुमची त्रेचाळीसची यादी मला व्यनिमध्ये पाठवून ठेवा.